गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा : फसवे निदान

गर्भाशयाबाहेरील गर्भधारणा म्हणजे फलित बीज गर्भाशयाऐवजी अन्यत्र रुजणे. 90 टक्क्यांहून अधिक वेळा ते बीजवाहिनीत रुजते. निदान एचसीजी या संप्रेरकाची रक्तातील पातळी आणि योनीमार्गे सोनोग्राफी यांवर बेतलेले असते; दोन्ही चकवू शकतात. निरोगी गर्भात एचसीजी 48 तासांत ठळकपणे वाढते, पण बीजवाहिनीतल्या काही गर्भांतही ते तसेच वाढते. पातळी कमी आहे म्हणून वाहिनी फुटणार नाही, असे मानणे घातकच. लघवी पातळ असली तर घरगुती चाचणी क्वचित ‘नाही’ सांगते, आणि होणारा रक्तस्राव पाळीचा समजला जातो.

सोनोग्राफीत गर्भाशयात साचलेला द्रव गर्भपिशवीसारखा दिसू शकतो. आत पीतक पिशवी (योक सॅक) दिसेपर्यंत गर्भ गर्भाशयातच असल्याची खात्री धरू नये. उलट, रक्तातील काही प्रतिपिंडांमुळे गर्भ नसतानाही रक्तचाचणीत एचसीजी असल्याचे भासते. हे प्रतिपिंड लघवीत उतरत नाहीत, म्हणून तेव्हा साधी लघवीची चाचणीच घोळ सोडवते. ती न करता मेथोट्रेक्सेट हे गर्भाची वाढ थांबवणारे औषध दिल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात आहेत. निदान स्पष्ट नसेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर 48 तासांनी एचसीजी पुन्हा तपासतात. भोवळ, खांदेदुखी किंवा पोटात रक्त असल्यास थांबत नाहीत, शस्त्रक्रिया करतात.