मॉरिसव्हिलचा 540 : अपुऱ्या वर्तुळाच्या पाट्या

नॉर्थ कॅरोलायनातील मॉरिसव्हिलजवळ, आंतरराज्य महामार्ग 40 च्या छेदावर, 540 या एकाच क्रमांकाचे दोन महामार्ग एकमेकांना मिळतात. विमानतळाकडे, ईशान्येस जाणाऱ्याच्या पाटीवर तांबड्या-निळ्या रंगाची ढाल आहे. नैर्ऋत्येस जाणाऱ्याच्या पाटीवर काळ्या चौकोनातील पांढरा चौकट-आकार, आणि पथकराच्या हद्दीत त्यावर पिवळी ‘टोल’ पट्टी. रस्ता अखंड आहे. फरक पैसा कोणी व कसा उभारला, याचा.

रॅलेभोवती सुमारे 70 मैलांचे (112 किलोमीटर) वर्तुळ पूर्ण करावे, ही मूळ कल्पना. त्याचा पहिला तुकडा 1997 साली खुला झाला आणि उत्तरेकडील कमान 2007 च्या जानेवारीत नाइटडेलपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी मॉरिसव्हिलच्या बाजूनेही रस्ता राज्यमार्ग 55 पर्यंत गेला. पुढच्या भागासाठी मात्र सरकारी निधी पुरेना. त्यामुळे 2002 मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या टर्नपाइक प्राधिकरणाने कर्ज उभारून ‘ट्रँगल एक्स्प्रेसवे’ बांधला. राज्यातील हा पहिला आधुनिक पथकर मार्ग. त्यावर नाके नाहीत. कमानीवरील यंत्रणा गाडीतील ट्रान्सपाँडर वाचते, तो नसल्यास नंबरप्लेटचे छायाचित्र घेऊन बिल टपालाने घरी पाठवते. नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना या रस्त्याची ओळख अनेकदा त्या बिलानेच होते. या मार्गाचा रिसर्च ट्रँगल पार्ककडे जाणारा फाटा 2011 च्या डिसेंबरात राज्यमार्ग 147 म्हणून सुरू झाला. 2022 मध्ये डरहॅममधील जोडरस्ता पूर्ण होताच त्याच्या पाट्या बदलून 885 झाल्या.

सर्वांत बोलके आहेत ते एक्झिटचे क्रमांक. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हे क्रमांक मैलांनुसार दिले जातात. येथील मोजणी आंतरराज्य 40 पासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, वर्तुळ पूर्ण आहे असे गृहीत धरून केलेली आहे. म्हणून नाइटडेलला 26 आणि मॉरिसव्हिलच्या परिसरात 66, 67, 69. मधल्या मैलांवर वर्षानुवर्षे रस्ताच नव्हता. आकडे आधी आले, डांबर मागाहून.

त्या रिकाम्या आकड्यांखाली माणसांच्या जमिनी होत्या. 1987 च्या राज्य कायद्यानुसार नियोजित मार्गपट्ट्यातील जमीन खरेदी न करताच तिच्यावरील बांधकाम रोखता येई. मालकाला ती धड विकता येत नसे, विकसितही करता येत नसे. विन्स्टन-सेलमच्या वळणमार्गाबाबतच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये हे निर्बंध म्हणजे मालमत्ता घेणेच होय, असे ठरवले. 2019 मध्ये कायदा रद्द झाला. रॅलेच्या दक्षिणेकडील ‘नारिंगी’ पट्टाही याच कायद्याखाली राखलेला होता. त्याच्या वाटेत पाणथळ जागा होत्या, तसेच स्विफ्ट क्रीकमधील ड्वार्फ वेजमसल हा संकटग्रस्त शिंपला. पर्याय म्हणून गार्नरमधून जाणारा ‘लाल’ मार्ग तपासण्यास विधिमंडळाने 2011 मध्ये बंदी घातली. पण पर्यायांचा अभ्यास झाल्याविना संघीय यंत्रणा पुढे जाऊ देईनात. 2013 मध्ये बंदी उठवावी लागली. लोकवस्तीला वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने काम आणखीच लांबले.

अखेर नारिंगी पट्ट्याला धरून आखलेला पथकर मार्ग 25 सप्टेंबर 2024 रोजी गार्नरजवळ आंतरराज्य 40 पर्यंत खुला झाला. तेथून नाइटडेलपर्यंतच्या सुमारे 10 मैलांचे काम सुरू आहे. ते जुळल्यावरही एकाच वर्तुळावर दोन तऱ्हांच्या पाट्या राहतील : उत्तरेस ढाल, दक्षिणेस चौकट.