पत्राचे मोर्तब

शिवकालीन पत्र शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना आधी त्याचा शेवट दाखवतो. माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर संपताच मर्यादेचे मोर्तब. पुढे कुणाला एक अक्षरही घुसडता येऊ नये म्हणून. खरेपणाची खूण मजकुराबाहेर असे.

ई-पत्राला अशी खूण जन्मतः नव्हती. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी या टपालाचे जे नियम लिहिले, त्यांत प्रेषकाच्या नावाची शहानिशाच नव्हती. परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांचे ते जग होते. १९९०च्या दशकात 'अमेरिका ऑनलाइन'चे कर्मचारी असल्याची बतावणी करून ग्राहकांचे पासवर्ड काढून घेणारे निघाले, आणि या धंद्याला 'फिशिंग' हे नाव पडले. नाव नवे, धंदा जुना. फ्रान्समधील विदोकच्या १८२८च्या आठवणींत 'जेरुसलेमच्या पत्रां'ची हकिकत येते. तुरुंगातले कैदी धनिकांना लिहीत : आम्ही परागंदा सरदाराचे सेवक, त्यांची दागिन्यांची पेटी लपवलेली आहे, ती मिळवण्यापुरते थोडे पैसे धाडावेत. विदोकच्या म्हणण्याप्रमाणे शंभरातल्या वीस पत्रांना उत्तरे येत.

आम्हा भाषेच्या माणसांचा एक अभिमान असतो : खोटे लिखाण भाषेवरून ओळखू. त्याला आधारही मोठा आहे. १४४०मध्ये लोरेन्झो व्हाल्लाने कॉन्स्टंटाइनचे दानपत्र बनावट असल्याचे त्यातल्या लॅटिनवरूनच दाखवून दिले. फसव्या ई-पत्रांतली मोडकी वाक्ये पाहून आम्हीही हसत असू.

आमच्या विभागातील एका बाईंना प्राचार्यांच्या नावे पत्र आले. "बैठकीत आहे, फोन करू नये, पाहुण्यांसाठी भेट-कूपने घेऊन त्यांचे क्रमांक त्वरित कळवावेत." मायना चोख, शुद्धलेखन तर प्राचार्यांहून सरस! बाईंचे दहा हजार रुपये गेले. आता यंत्रेच निर्दोष गद्य लिहितात. व्हाल्लाची कसोटी अशा पत्रांपुढे अपुरी पडते. पाहायचे ते मजकुराबाहेर : पत्ता कोणता, दुवा प्रत्यक्षात कुठे नेतो, आणि आपल्याजवळ आधीपासून असलेल्या क्रमांकावर विचारले तर माणूस काय सांगतो. 'फोन करू नये' हे वाक्य त्या पत्रात उगाच आले नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तो पत्ता पाठचिकित्सेच्या नजरेने वाचला. महाविद्यालयाच्या इंग्रजी नावातल्या 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' ही अक्षरे शेजारी-शेजारी बसवली होती. लेखनिकाच्या हातून नकळत होणारा पाठभेद इथे कुणीतरी मुद्दाम घडवला होता.