शेतकऱ्याचा ‘र’

मुरबाडहून माळशेजच्या वाटेला लागले की वैशाखरे गाव येते, आणि तेथून नाणेघाट चढून गेलेल्या प्रवाशाला माथ्यावरील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेच्या नावाशी निगडित असलेला ब्राह्मी लेख दिसतो. यज्ञांत दिलेल्या दक्षिणेची मोजदाद त्यात अंकांनी कोरलेली असल्यामुळे भारतीय अंकचिन्हांच्या इतिहासात या लेण्याला मानाचे स्थान आहे. कल्याण बंदरातून जुन्नरच्या पेठेकडे माल ज्या वाटेने चढे, त्या वाटेवर लिहिणे आणि मोजणे या दोन्ही विद्या अशा पाषाणात स्थिर झाल्या. त्याच मुलखात सुमारे दोन सहस्र वर्षांनी संगणक आला, तेव्हा सामान्य माणसापुढे पहिली अडचण उभी राहिली ती पुन्हा अक्षराचीच. आणि लिनक्स नावाच्या मुक्त प्रणालीविषयी जी गाऱ्हाणी मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांसारख्या ग्रामीण भागांत ऐकू येतात, त्यांचा इतिहास येथूनच सांगू लागणे योग्य होय.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला, आणि १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स हा तिचा गाभा रचून जगापुढे ठेवला. परवान्याचे शुल्क नाही, मूळ लिखाण सर्वांस वाचावयास खुले, आणि त्यात फेरफार करण्याचा अधिकार प्रत्येकास, अशी ही व्यवस्था आहे. २००४ साली निघालेल्या उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीच्या सीडी तर २०११ पर्यंत मागेल त्याला टपालाने विनामूल्य येत असत. जुने यंत्र आणि तुटपुंजा पैसा असलेल्या शाळेला किंवा दुकानदाराला याहून मोठा आधार कोणता? परंतु २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक-अभ्यासक्रमाच्या वर्गांतून महाराष्ट्रातील लाखो हातांना सवय लागली ती विंडोजची. त्यामुळे नवी प्रणाली समोर येताच अनोळखी कचेरीत शिरलेल्या पक्षकारासारखी माणसाची अवस्था होई, आणि कोणत्या मेजावर कोणता अर्ज द्यावयाचा, हे सांगणारे शेजारी कोणी नसे.

त्यातून मराठी लिहावयाचे म्हटले की गाऱ्हाण्यांना धार चढे. बाजारातील टंकलेखनाच्या दुकानात जुन्या टंकांत (फॉन्टांत) लिहिलेला मजकूर पेन ड्राइव्हवर घेऊन घरी उघडावा, तो कान्यामात्रांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसावा, हे मी स्वतः अनुभवले आहे. त्या टंकांनी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठीची चित्रे बसवलेली असत, आणि तो विशिष्ट टंक यंत्रात नसला की चित्र जाऊन खालचे अक्षर उघडे पडे. युनिकोडने १९९१ सालीच देवनागरीला स्वतःचे क्रमांक दिले होते खरे. पण अक्षरजोडणी न जाणणाऱ्या कार्यक्रमात पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसे, आणि जोडाक्षराचे पाय मोडत.

सर्वांत बोचणारी उणीव होती ती ‘य’ला आडव्या चंद्रकोरीसारख्या जोडल्या जाणाऱ्या अर्ध्या ‘र’ची. हिंदीला त्याची गरज नसल्याने तो पुष्कळदा विसरला जाई. मराठीत मात्र आचार्यास बोलवावयाचे की आचाऱ्यास, हे त्या एका रेषेवर ठरते. शहापूर-मुरबाडच्या दऱ्याखोऱ्यांत तर हे चिन्ह पदोपदी लागते: शेतकऱ्याचा सातबारा, कातकऱ्याचा जातीचा दाखला, वारकऱ्यांची दिंडी. ज्यांच्या नावे तहसील कचेरीत असंख्य दरखास्ती लिहिल्या जातात, त्यांच्याच नावाचे अक्षर पडद्यावर मोडावे, ही केवळ तांत्रिक चूक नव्हे. यंत्र घडवताना त्यांचा विचार झालेला नव्हता, याची ती नोंद आहे.

अक्षरापाठोपाठ वीज. भारनियमनाच्या दिवसांत मध्येच दिवे गेले की पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी धावत, चकतीची तपासणी चाले, आणि कधी देखभालीसाठी परवलीचा शब्द मागून यंत्र तेथेच थांबे. पुढे इंटरनेटचे डोंगल आले. पण ते लावताच प्रणालीला मोडेम न दिसता सीडीच दिसे, कारण विंडोजवरील ड्रायव्हर त्याच्या पोटातच ठेवून ते आरंभी सीडीचे सोंग घेत असे. ते सोंग उतरवणारा कार्यक्रम हवा असेल तर तो इंटरनेटवरून घ्यावा लागे, आणि इंटरनेट तर त्या डोंगलातच अडकलेले! एमपीथ्री गाणे वाजत नसे, त्याचे कारण पेटंटांत होते. २०१७ साली ती संपली तेव्हा हा अटकाव उठला. प्रिंटरची गोष्टही तशीच: उत्पादकाने आपल्या यंत्राची बोली गुप्त ठेवली की मुक्त प्रणालीने ती अंदाजाने शिकावी, आणि तोवर दाखला छापून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदाराने परत पाठवावे.

मग दोष प्रणालीच्या गाभ्याचा होता काय? शहापूर तालुक्यातीलच पष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेचे नाव टॅबलेटवर शिकवणारी शाळा म्हणून दूरवर झाले. अँड्रॉइडवर चालणाऱ्या प्रत्येक टॅबलेटच्या आत गाभा लिनक्सचाच असतो. परंतु यंत्र आणि प्रणाली यांचा मेळ उत्पादकाने आधीच घातलेला असल्याने तेथे ड्रायव्हर शोधण्याची पाळी कोणावर येत नाही. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातील खैराट-धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत २००७ साली मुलांच्या हाती जे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले, त्यांतही लिनक्सच होते. केरळने आपल्या शाळांत मुक्त प्रणाली रुजवली ती प्रथम शिक्षकांना शिकवून. तात्पर्य, जेथे कोणी जबाबदारी घेतली तेथे हीच प्रणाली निमूटपणे राबली.

शहापूरकरांना हे निराळे समजावून सांगावयास नको. तानसा आणि भातसा या धरणांचे पाणी याच तालुक्यातून मुंबईला जाते, तरी उन्हाळ्यात कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. पाणी जवळ असणे आणि घरच्या हंड्यात असणे या दोन गोष्टी आहेत. मुक्त प्रणालीचे मूळ लिखाण सर्वांस खुले आहे, पण घरापर्यंत येणारी नळवाट म्हणजे शिकवणारा माणूस, आणि ती वाट आपण घातली नाही.

‘तक्रार’ हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘पुनरावृत्ती’ असा आहे. मराठी अक्षरांचे पुढे जे झाले ते या मूळ अर्थाला धरूनच झाले. मराठी लिहिणाऱ्या लोकांनी मोडलेली अक्षरे पुनःपुन्हा नोंदवून दाखवली. रेड हॅट या कंपनीने लोहित टंक खुले केले, त्यांत दुरुस्त्या होत गेल्या. ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूप ठरवून दिले. बंद प्रणालीत तक्रार मालकाच्या मर्जीवर थांबते. येथे तिला मूळ लिखाणापर्यंत जाण्याची वहिवाट आहे, हाच या व्यवस्थेचा खरा मोठेपणा.

आज कातकऱ्याच्या दाखल्यावरील तो अर्धा ‘र’ पडद्यावर नीट उमटतो. त्यासाठी कोणी तरी कंटाळा न करता तीच गोष्ट दहांदा लिहिली होती. उरलेल्या गाऱ्हाण्यांसाठी तसे लिहिणारे हात आता मुरबाडच्या आणि शहापूरच्या शाळांतूनच तयार झाले पाहिजेत, कारण कोणते अक्षर कोठे मोडते हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते.