निर्मितीशिक्षण, नाटक व लघुपट

नाटक किंवा लघुपटाची कल्पना निवडण्यापासून ती कलाकृती प्रेक्षकांसमोर येईपर्यंतची कलात्मक, आर्थिक व कायदेशीर जबाबदारी पेलणाऱ्या निर्मात्याचे विद्यापीठ स्तरावरील शिक्षण. केवळ भांडवल पुरवणारा धनको आणि केवळ हिशेब सांभाळणारा व्यवस्थापक यांहून असा निर्माता वेगळा असतो. संहिता कोणती घ्यायची, दिग्दर्शन कोणाकडे द्यायचे, शुभारंभ कोठे करायचा, लघुपट आधी कोणत्या महोत्सवाला धाडायचा, हे निर्णय त्याचे असतात. म्हणून त्याला ‘सर्जनशील निर्माता’ म्हणतात. अभिनय, दिग्दर्शन व छायालेखन यांच्या मानाने हा विषय विद्यापीठांत उशिरा दाखल झाला. नाटक व लघुपट या दोन्ही माध्यमांची निर्मिती एकत्र शिकवणारे अभ्यासक्रम थोडे आहेत. बहुतेक ठिकाणी त्यांचे विभाग निराळे असतात.

पार्श्वभूमी : अमेरिकेत नाट्यविषयाचा पहिला पदवी अभ्यासक्रम पिट्सबर्ग येथील कार्नेगी तंत्रसंस्थेने १९१४ मध्ये सुरू केला. येल विद्यापीठात १९२४ मध्ये नाट्यविभाग निघाला. ब्रिटनमधील पहिला विद्यापीठीय नाट्यविभाग ब्रिस्टल येथे १९४७ मध्ये स्थापन झाला. चित्रपटाच्या बाबतीत मॉस्कोची राज्य चित्रपटसंस्था (१९१९) ही सर्वांत जुनी होय. प्रारंभीच्या या संस्थांचा भर नाट्यलेखन, दिग्दर्शन, अभिनय व तंत्र यांवर होता. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचा किंवा लंडनच्या वेस्ट एंडवरचा व्यावसायिक निर्माता एखाद्या जुन्या निर्मात्याच्या कचेरीत उमेदवारी करूनच तयार होई.

निर्मितीला स्वतंत्र विषयाचे स्थान प्रथम अमेरिकन चित्रपटशिक्षणात मिळाले. लॉस अँजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील पीटर स्टार्क निर्मिती अभ्यासक्रम (१९७९) हा त्यातील सर्वपरिचित. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सर्जनशील चित्रपटनिर्मिती आणि नाट्यव्यवस्थापन व निर्मिती अशा दोन स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहेत. ब्रिटनमध्ये रॉयल सेंट्रल स्कूल ऑफ स्पीच अँड ड्रामा (स्थापना १९०६) आणि माउंटव्ह्यू (स्थापना १९४५) या लंडनमधील नाट्यसंस्थांनी ‘क्रिएटिव्ह प्रोड्यूसिंग’ या नावानेच पदव्युत्तर अभ्यासक्रम काढले. लघुपटाच्या अंगाने बीकन्सफील्ड येथील नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये निर्मितीचा विद्यार्थी दिग्दर्शन व लेखनाच्या विद्यार्थ्यांबरोबर जोडीने काम करतो.

अभ्यासविषय : ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम बहुधा एका वर्षाचा, अमेरिकेतील दोन ते तीन वर्षांचा असतो. संहितावाचन व निवड, हक्क व करार, अंदाजपत्रक, निधी उभारणी, वेळापत्रक, प्रसिद्धी, प्रेक्षकांचा अभ्यास, दौऱ्याची आखणी ही त्यातील मुख्य प्रकरणे. लेखी परीक्षेपेक्षा प्रत्यक्ष निर्मिती, तिची कागदपत्रे व व्यावसायिक संस्थेतील उमेदवारी यांना अधिक गुण असतात.

नाटकाच्या अंदाजपत्रकात पडदा उघडेपर्यंतचा खर्च व तो उघडल्यानंतरचा चालू खर्च अशी दोन खाती असतात. पहिल्या खात्यात तालमींची जागा, नेपथ्य, वेशभूषा, संगीत, शुभारंभाची जाहिरात हे येते. दुसऱ्यात नाट्यगृहाचे भाडे, कलाकार व बॅकस्टेजची ‘नाइट’ (प्रयोगागणिक मानधन), नाटककाराचे मानधन, बस-टेम्पो, वृत्तपत्रातील जाहिरात. एका प्रयोगाचे उत्पन्न दुसऱ्या खात्यापेक्षा जितके जास्त, तितकी रक्कम पहिल्या खात्याची फेड करते. किती प्रयोगांनी ही फेड पुरी होईल याचे गणित मांडता येणे हे नाट्यनिर्मितीच्या विद्यार्थ्याचे पहिले कौशल्य मानले जाते. तिकिटाचा दर, नाट्यगृहाची आसनक्षमता, सुट्टीच्या दिवसांच्या तारखा आणि संस्थांनी ठरावीक रकमेला घेतलेले कॉन्ट्रॅक्टचे प्रयोग यांवर ते अवलंबून असते. गाजलेले नाटकही मोठ्या नेपथ्यामुळे व मोठ्या नटसंचामुळे प्रयोगागणिक तोट्यात जाऊ शकते. त्यामुळे नेपथ्याचा आराखडा मंजूर करणे हा निर्मात्याचा जितका कलात्मक, तितकाच आर्थिक निर्णय ठरतो.

लघुपटाला हे गणित लागू पडत नाही. त्याला तिकीटविक्री जवळजवळ नसते. सर्व खर्च एकदाच होतो आणि परतावा बहुधा पैशांत न येता नावलौकिकात, पुढच्या कामाच्या संधीत येतो. म्हणून येथे अनुदान, संस्थेची साधने, मित्रमंडळींचे श्रम व महोत्सवांचे धोरण यांचा अभ्यास होतो. ऑस्करच्या नियमांनुसार श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो. अनेक महोत्सवांची मर्यादा याहून कमी असते. पहिले प्रदर्शन कोठे होते याला काही महोत्सव महत्त्व देतात, त्यामुळे चित्रफीत घाईने इंटरनेटवर टाकणे अंगाशी येऊ शकते. आधीच ध्वनिमुद्रित झालेले गाणे परवानगीविना वापरल्याने पुरा झालेला लघुपट अडकून पडतो. उपशीर्षके व प्रदर्शनप्रत यांसाठी आरंभीच तरतूद ठेवावी लागते.

कायद्याचा भाग : भारतीय प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ निर्माता असतो, कलाकृती घडवण्यात पुढाकार व जबाबदारी घेणारी व्यक्ती अशी निर्मात्याची व्याख्या या कायद्यात आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात, नंतरच्या दुरुस्तीनुसार, निर्माता व प्रमुख दिग्दर्शक हे दोघे चित्रपटाचे कर्ते ठरतात. नाटकाची गोष्ट उलटी आहे. संहितेचा हक्क नाटककाराकडे राहतो व निर्मात्याला प्रयोगाची परवानगी घ्यावी लागते. भारतात हा हक्क नाटककाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला कायद्यात सूट आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा पुष्कळसा गोंधळ या सुटीच्या मर्यादा न समजल्याने होतो : तिकीट लावले, की सहसा सूट उरत नाही.

महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. लघुपटाच्या सार्वजनिक प्रदर्शनाला चलच्चित्र अधिनियम, १९५२ खाली प्रमाणन आवश्यक असते. संहितेच्या पूर्वपरिनिरीक्षणाची आवश्यकता हा वादाचा विषय आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला (१९७२) झालेला विरोध व त्यानंतरची न्यायालयीन लढाई यांचा वृत्तान्त दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात दिला आहे. निर्मितीच्या विद्यार्थ्याला मराठीत उपलब्ध असलेले ते एक उत्तम उदाहरण होय.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०१४ पासून नाट्यनिर्मितीला करसवलत मिळते. ती निर्मिती करणाऱ्या कंपनीला असल्याने कंपनीची नोंदणी व हिशेब हे तेथील शिक्षणाचे अपरिहार्य अंग बनले आहे.

मराठी परंपरा : विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत केलेल्या ‘सीतास्वयंवर’ला संस्थानिकांचा आश्रय होता. पुढे आश्रयाची जागा नाटक मंडळीने व तिकीटविक्रीने घेतली. किर्लोस्कर, गंधर्व (१९१३), ललितकलादर्श (१९०८) या मंडळ्यांचे मालक-भागीदार हे नटही होते. मुंबईत ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला गंधर्व व ललितकलादर्श यांचा ‘संयुक्त मानापमान’ हा प्रयोग नेहमी गायनाच्या अंगाने आठवला जातो. एका उद्दिष्टासाठी दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून केलेली निर्मिती म्हणून त्याची नोंद घ्यायला हवी.

पुढच्या काळात कंपनीची जागा निर्मितिसंस्थेने घेतली. मो. ग. रांगणेकरांची ‘नाट्यनिकेतन’, प्रभाकर पणशीकर यांची ‘नाट्यसंपदा’, मोहन वाघ यांची ‘चंद्रलेखा’, सुधीर भट यांची ‘सुयोग’ ही ठळक नावे. आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’ (१९६२) मधील फिरत्या रंगमंचाचा येथे उल्लेख केला पाहिजे. प्रवेशबदलाचा वेळ वाचवणारी ही योजना दौऱ्यात गावोगाव वाहून न्यावी लागे. निर्मात्याच्या वतीने तारखा, दौरे व दैनंदिन व्यवहार पाहणारा माणूस मराठी व्यावसायिक नाटकाच्या जाहिरातीत ‘सूत्रधार’ म्हणून छापला जातो. विद्यापीठात शिकवला जाणारा बराचसा भाग हा माणूस अनुभवाने जाणतो.

प्रायोगिक रंगभूमीवर पुण्याच्या थिएटर अकॅडमीचे (१९७३) उदाहरण विस्ताराने देण्याजोगे आहे. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी केला. थोड्याच प्रयोगांनंतर त्या संस्थेत नाटकावरून मतभेद झाले आणि बाहेर पडलेल्या तरुणांनी मार्च १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापून तेच नाटक पुढे नेले. माणसांची भिंत हेच ज्याचे नेपथ्य, असे हे नाटक वाहतुकीला हलके आणि माणसांना जड होते : नटसंच मोठा, त्यातले बहुतेक नोकरदार किंवा विद्यार्थी, त्यामुळे रजा जुळवणे हे निर्मितीचे मुख्य काम. १९८० मध्ये हा संच युरोपच्या दौऱ्यावर गेला. या दौऱ्याला महाराष्ट्रात विरोध झाला होता, तरी तो पार पडला. पुढे १९८५ ते १९९४ या काळात सतीश आळेकर यांच्या समन्वयाखाली संस्थेने फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककार विकास आणि प्रादेशिक नाट्यगट विकास या योजना राबवल्या. नाट्यगटाने स्वतःची संघटना, हिशेब व प्रेक्षक बांधावेत, या दृष्टीने महाराष्ट्रात झालेले ते महत्त्वाचे प्रशिक्षण होते, जरी त्याला पदवीचे रूप नव्हते.

महाराष्ट्रातील विद्यापीठे : पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले, १९९६ ते २००९ या काळात आळेकर त्याचे प्रमुख होते. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी (अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स) २००३ मध्ये वामन केंद्रे यांच्या संचालकत्वाखाली निघाली. छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. या सर्वांचा कणा अभिनय, दिग्दर्शन, नेपथ्य-प्रकाश व नाट्येतिहास हा आहे. निर्मिती व्यवस्थापनाचे स्थान त्यांत दुय्यम राहते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयातही (१९५९) विशेषाभ्यास अभिनय किंवा अभिकल्प-दिग्दर्शन यांचा असतो.

प्रत्यक्षात महाराष्ट्रातील विद्यार्थी निर्मिती शिकतो ती एकांकिका स्पर्धांत. महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे. तालमीला वर्ग मिळवणे, प्राचार्यांची सही, वर्गणी, लेव्हल्स (चौथरे) व ड्रेपरीची (कपडेपट) जमवाजमव, ठरलेल्या मिनिटांत सेट लावणे व काढणे ही कामे करणारा मुलगा किंवा मुलगी श्रेयनामावलीत शेवटी असते. या अनुभवाला विद्यापीठाचे श्रेयांक सहसा मिळत नाहीत.

गोवा : कला अकादमीचे नाट्यविद्यालय पणजी येथे आहे.

लघुपट : पुण्याची चित्रपट संस्था १९६० मध्ये प्रभात स्टुडिओच्या आवारात सुरू झाली. तेथील विद्यार्थी-चित्रपटांची निर्माती संस्थाच असते. त्यामुळे निधी उभारण्याच्या विवंचनेतून विद्यार्थी-दिग्दर्शक मुक्त राहतो, पण निर्माता म्हणून कोणी घडत नाही, असा आक्षेप घेता येतो. या पद्धतीचे यश मात्र नाकारता येत नाही : कान महोत्सवाच्या विद्यार्थी विभागात अश्मिता गुहा नियोगी यांच्या ‘कॅटडॉग’ला २०२० मध्ये आणि चिदानंद नाईक यांच्या ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टू नो’ या कन्नड लघुपटाला २०२४ मध्ये प्रथम पारितोषिक मिळाले. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेत (१९९५) चित्रपट व दूरचित्रवाणी निर्मिती ही स्वतंत्र शाखा आहे. मुंबईतील व्हिसलिंग वूड्समध्येही निर्मिती शिकवतात. मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (१९९० पासून) लघुपट, माहितीपट व ॲनिमेशनपट यांना वाहिलेला आहे.

नाटक ते लघुपट ते चित्रपट असा प्रवास महाराष्ट्रात चैतन्य ताम्हाणे व विवेक गोम्बर यांच्या जोडीत दिसतो. ताम्हाणे यांच्या ‘ग्रे एलिफंट्स इन डेन्मार्क’ या नाटकात गोम्बर नट होते. मध्यंतरी ताम्हाणे यांनी ‘सिक्स स्ट्रँड्स’ (२०११) हा लघुपट केला. पुढे गोम्बर यांनी निर्माते होऊन ‘कोर्ट’ (२०१४) उभा केला. त्याला व्हेनिस महोत्सवात दोन पुरस्कार व नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिग्दर्शकावरील विश्वास आणि त्याला दिलेला वेळ हे निर्मात्याचे भांडवल असते, याचा हा पुरावा.

मूल्यमापन : निर्मिती शिकवता येते काय, याविषयी दुमत आहे. करार, कायदा व अंदाजपत्रक शिकवता येते, यावर सहसा वाद नसतो. संहितेची पारख, माणसे जोडणे व नुकसान सोसण्याची तयारी यांबाबत जाणकार सावध असतात. पदवीचा खरा लाभ समवयस्क लेखक-दिग्दर्शकांची ओळख आणि चुका स्वस्तात करण्याची मुभा हा आहे. परदेशातील शुल्क व लंडन-न्यूयॉर्कचा राहणीखर्च पाहता हा लाभ सर्वांच्या आवाक्यातला नाही. मराठी विद्यार्थ्याच्या दृष्टीने आणखी एक मर्यादा अशी, की तेथील अनुदान, करसवलत व कलाकार संघटनांचे नियम येथे लागू होत नाहीत. येथील प्रयोगागणिक शासकीय अनुदान, नाट्यगृहांच्या तारखांचे वाटप व कॉन्ट्रॅक्टची पद्धत तेथे शिकवली जात नाही. महाराष्ट्रातील नाट्यविभागांनी व्यावसायिक निर्मात्यांच्या कचेऱ्यांतील उमेदवारीला श्रेयांक दिले, तर ही उणीव पुष्कळ अंशी भरून निघेल. नाटकाचा किंवा लघुपटाचा निर्माता होण्यासाठी भारतात अथवा ब्रिटनमध्ये कोणत्याही पदवीची कायदेशीर अट नाही.