न खपलेला नांगर कसा वाचायचा?

स्टार्टअपवाल्यांच्या बोलण्यात 'व्हॅलिडेशन' हा शब्द सारखा येतो. म्हणजे कल्पना सुचली की आधी ती गिऱ्हाइकापुढे तपासून घ्यायची, पैसा मग ओतायचा. आपल्याकडे याचं उदाहरण म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर हमखास पुढे केला जातो. गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, आणि शेवटी चिकाटी जिंकली. संशोधनाची तयारी करत असाल तर या गोष्टीपाशी जरा थांबा. निष्कर्ष तिच्यात आधीच ठरलेला आहे.

आधी क्रम बघू. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचं सायकलचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईत तंत्रशाळेत शिकवायचे, पुढे नोकरी सोडून बेळगावला आले. तिथे छोट्या कारखान्यात कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे जागेची अडचण आली, तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी जागा आणि कर्ज दिलं, आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. इथपर्यंत वादाचं काही नाही.

आता कडबा-यंत्र आणि नांगर शेजारी शेजारी ठेवा. आख्खा कडबा टाकला की बैल पाला खातो आणि जाड ताटं तुडवून वाया घालवतो. बारीक कापून टाकला तर गव्हाणीत फारसं उरत नाही. यंत्र चालतं की नाही, ते शेतकऱ्याला एका संध्याकाळीच दिसतं.

नांगराचं तसं नाही. देशी लाकडी नांगर जमीन चिरत जातो, लोखंडी नांगर माती उलथतो. उलथण्याचा फायदा झाला की तोटा, हे पीक हाती आल्यावरच कळणार. उन्हाळ्यात नांगरट, पावसावर पेरणी, खरीप असेल तर दिवाळीच्या सुमारास अंदाज, रब्बी असेल तर त्याहून उशिरा. त्यातून पाऊसच दगा देऊन गेला, तर पीक बुडालं ते नांगरामुळे की पावसामुळे, हे कोण सांगणार?

म्हणून त्या 'दोन वर्षां'कडे मला वेगळं बघावंसं वाटतं. कारखानदाराच्या वहीत दोन वर्षं म्हणजे चोवीस महिन्यांचं भाडं आणि मजुरी. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हिशेबात तेवढ्यात जेमतेम दोन प्रयोग होतात. शेजाऱ्याच्या रानात एक हंगाम बघून दुसऱ्या हंगामात निर्णय घेणाऱ्या माणसाला अंधश्रद्ध म्हणायचं का? आपण तर प्रबंधासाठी पाच वर्षं मागतो!

विषाच्या समजुतीचंही तसंच. ती नव्हतीच असं मी म्हणत नाही. पण खोल नांगरटीत खालची कच्ची माती वर आली तर पहिल्या हंगामात पीक बसू शकतं, ही शेतीशास्त्रात मान्य असलेली गोष्ट आहे. 'जमीन बिघडते' हे वाक्य अशा अनुभवातूनही येऊ शकतं. आक्षेपाची भाषा चुकीची असली तरी त्यामागचं निरीक्षण बरोबर असू शकतं, आणि आपलं काम त्या निरीक्षणापर्यंत पोचायचं आहे.

दुसरा मुद्दा पैशाचा. लाकडी नांगर गावचा सुतार दुरुस्त करायचा, बलुत्यावर, म्हणजे खळ्यावरच्या धान्यात हिशेब मिटायचा. लोखंडी नांगराला आधी रोख रक्कम हवी, आणि भाग मोडला तर पुन्हा रोख. हॅरॉल्ड मान यांचा पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ चा आहे. गाव वेगळं, काळही थोडा पुढचा, तरी तुकड्या-तुकड्यांची जमीन आणि डोक्यावरचं कर्ज हे त्यातलं चित्र इथे उपयोगी पडतं. अशा घरात नवा नांगर घेताना बिचकण्यासाठी लोखंडात विष असायची गरज नाही. सुताराचं पुढे काय झालं, हा तर वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे, कुणीतरी घ्याच.

मग विषाचीच गोष्ट का टिकली? ती सांगतंय कोण, ते बघा. शंतनुराव किर्लोस्करांचं आत्मचरित्र, १९२० मध्ये कारखान्याचंच पत्र म्हणून निघालेली 'किर्लोस्कर खबर', नंतरचे गौरवग्रंथ. साधनं मोलाचीच आहेत, मी स्वतः ती वारंवार उघडते. पण सगळी विकणाऱ्याच्या बाजूची. विकणाऱ्याला गिऱ्हाइकाचा नकार नेहमी अडथळा म्हणूनच आठवतो. त्यात उद्योग यशस्वी झाला की जुने नकार आणखी वेडगळ दिसू लागतात. आजच्या संस्थापकांच्या मुलाखती वाचतानाही हे ध्यानात असू द्या.

घेणाऱ्याची बाजू शोधायची तर कुठे जायचं? माझं उत्तर: तगाईचे कागद. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांखाली सरकार शेतकऱ्यांना कर्ज द्यायचं, पहिल्यात जमीनसुधारणेसाठी, दुसऱ्यात बी-बियाणं, बैल आणि शेतीच्या इतर गरजांसाठी. बेळगाव मुंबई इलाख्यातलाच जिल्हा. माणूस कर्ज काढून काय घेतो, यावरून त्याचा विश्वास कशावर आहे ते समजतं. अर्जांत बैल किती, बी किती, विहिरी किती, आणि नांगर कुठल्या साली दिसायला लागतो, एवढंच आधी मोजा.