गाडीची जाळी झाकली तर ॲव्हरेज वाढते काय? वऱ्हाडच्या उन्हात फायदा थोडा, धोका मोठा

अकोला/अमरावती : गाडीच्या तोंडावरची जाळी पुठ्ठ्याने किंवा फोमने झाकली की ॲव्हरेज वाढते, असा सल्ला मोबाईलवर वाचायला मिळतो. सल्ला अगदीच खोटा नाही, पण तो थंड मुलखातला आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. मे 2024 मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम 144 लावावे लागले होते. अशा उन्हात हा प्रयोग केला तर वाचलेल्या पेट्रोलपेक्षा गॅरेजचे बिल मोठे येऊ शकते.

जाळीचे काम काय?

जाळीतून शिरलेली हवा आधी एसीच्या कंडेन्सरवर, मग रेडिएटरवर जाते. इंजिनातले गरम कूलंट तिथे थंड होऊन परत फिरते. गाडी उभी असली किंवा हळू चालत असली की हवा ओढायचे काम पंखा करतो. बऱ्याच टर्बो डिझेल गाड्यांत इंटरकूलरही पुढेच असतो.

मग झाकल्याने फायदा कसा?

आत शिरलेली हवा इंजिनखोलीत अडखळते आणि गाडीला मागे ओढते. जाळी बंद केली की हवा बोनेटवरून आणि बाजूने सरळ निघून जाते. शिवाय कॅनडा, रशियासारख्या देशांत हिवाळ्यात इंजिन लवकर गरम होत नाही. थंड इंजिन जास्त इंधन पिते, म्हणून तिथले ट्रकवाले रेडिएटरपुढे कापड किंवा ताडपत्री लावतात.

आता काही गाड्यांत कंपनीच जाळीमागे झडपा देते. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या विजेवरच्या क्रेटामध्ये अशा झडपा आहेत. गरज नसली की त्या बंद होतात, गरम झाले की आपोआप उघडतात. पुठ्ठा मात्र आपोआप उघडत नाही. खरा फरक इथेच आहे.

हिशेब करून पाहा

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. 40 च्या वेगाला जेवढा असतो, त्याच्या चौपट 80 ला होतो. म्हणून गावरस्त्यावर, 30-40 च्या वेगाने जाळी झाकून काहीच हाती लागत नाही. अमरावती-अकोला महामार्गावर (जून 2022 मध्ये याच मार्गावर 75 किलोमीटरचा पट्टा 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला) किंवा समृद्धीवर वेग मिळतो, तिथे थोडा फरक पडू शकतो.

तो फरक 2 टक्के धरू. महिन्याला 1000 किलोमीटर फिरणारी, 20 चा ॲव्हरेज देणारी गाडी 50 लिटर पेट्रोल पिते. म्हणजे बचत झाली 1 लिटरची. उलट इंजिन तापून हेड गॅस्केट गेले तर खर्च हजारोंत जातो.

आपल्याकडे उलटे काहून होते?

- इंजिन गरम व्हायला आपल्या हवेत वेळ लागत नाही. तो फायदा इथे जवळपास नाहीच.
- कंडेन्सरला हवा कमी मिळाली की एसी नीट थंड करत नाही. कॉम्प्रेसरवर ताण येतो, पंखा जास्त वेळ फिरतो. इंधन वाचण्याऐवजी जास्त जळते.
- लग्नसराईत गाडी भरलेली, एसी चालू आणि दुपारचे ऊन. हीच वेळ इंजिनासाठी सगळ्यात अवघड असते.
- चिखलदऱ्याला हिवाळ्यात थंडी असते, म्हणून तिथे चालेल असे वाटते. पण परतवाड्याहून घाट चढताना वेग कमी आणि इंजिनावर जोर जास्त असतो. तिथेही जाळी मोकळीच हवी.
- अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला म्हणजे इंजिन आधीच तापलेले असते.

न झाकताही जाळी बंद होते

आपल्या भागातली मोठी अडचण हीच आहे. सोयाबीनच्या मळणीचा भुसा, कापसाची रुई, कच्च्या रस्त्याची धूळ आणि पावसाळ्यातली पाखरं कंडेन्सर-रेडिएटरच्या बारीक पत्र्यांत अडकून बसतात. ट्रॅक्टरचा रेडिएटर तर मळणीच्या दिवसांत रोज पाहावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मऊ ब्रश आणि कमी जोराच्या पाण्याने साफ करावे. प्रेशरचे पाणी जवळून मारले तर पत्र्या वाकतात. मिरवणुकीत, प्रचारात किंवा लग्नात जाळीवर बांधलेले बॅनर आणि हारही गाडी लांब न्यायच्या आधी काढून टाकावेत.

खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी नको

दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर हा पूर्णा खोऱ्याचा भाग. इथले भूजल खारे आहे. ते रेडिएटरमध्ये टाकले तर आत क्षार धरतात आणि नळ्या चोंदतात. गाडीच्या पुस्तकात सांगितलेले कूलंटच वापरा. कूलंट घट्ट असेल तर त्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळा.

काटा वर चढला तर

1. एसी बंद करा, गाडी कडेला सावलीत घ्या आणि इंजिन बंद करा.
2. रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नका. उकळते पाणी अंगावर उडते.
3. किमान अर्धा तास थांबा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका.
4. थंड झाल्यावर कूलंटची पातळी, नळ्या, पट्टा आणि पंखा पाहा. गळती असली किंवा काटा परत चढला तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा.

ॲव्हरेजसाठी हे करा

- टायरमधली हवा महिन्यातून एकदा तपासा, टायर थंड असताना.
- टपावरचे कॅरिअर काम नसेल तर काढून ठेवा. मोठ्या रस्त्यावर जाळीपेक्षा तेच जास्त हवा अडवते.
- महामार्गावर 100 ऐवजी 80 ने चाला.
- एअर फिल्टर साफ ठेवा. धुळीच्या रस्त्यावर तो लवकर भरतो.
- कोणाची वाट पाहत उभे असाल तर इंजिन बंद करा.

या पाचही गोष्टींना खर्च जवळपास नाही आणि इंजिनाला धोकाही नाही. जाळी झाकण्यापेक्षा ती साफ ठेवलेली बरी.