पिकॅडिलीच्या कोपऱ्यावर, एका पेनीत

जपून पाय टाका. तुम्ही 1851 च्या उन्हाळ्यातल्या लंडनमध्ये, पिकॅडिलीच्या रस्त्यावर उभे आहात आणि बुटाखाली जे मऊ लागतंय तो नुसता चिखल नाही. त्यात घोड्यांची लीद आहे, धुराड्यांतून उतरलेली काजळी आहे, चाकांखाली झिजलेल्या दगडांची भुकटी आहे. रात्रीच्या पावसाने हे सगळं छान कालवून ठेवलंय. बूट घोट्यापर्यंत माखलेत. विजारीच्या काठांकडे तर पाहूच नका.

वास येतोय ना? कोळशाचा धूर घशात खवखवतो, त्यामागून घोड्यांच्या घामाचा उग्र दर्प येतो आणि वारा फिरला की थेम्सची घाण. आणि आवाज! लोखंडी धावांची चाकं फरसबंदीवरून अशी खडखडत जातात की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. वाटेत एखाद्या घरासमोर रस्त्यावर पेंढा पसरलेला दिसला, तर समजा आत कुणीतरी आजारी आहे. तेवढ्या चार पावलांपुरता तो खडखडाट मवाळ होतो, आणि मग पुन्हा सुरू.

आज सगळ्यांची तोंडं हाइड पार्ककडे वळलेली आहेत. तिथे काचेच्या महालात जगभरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलंय. तुम्हालाही तिथेच जायचंय, पण या बुटांनी? तो कोपऱ्यावरचा लाल डगलेवाला पोरगा तुमच्या पायांकडेच बघतोय. इथे चेहऱ्याआधी पायांकडे बघतात.

ठेवा पाय त्याच्या पेटीवर. गरीब मुलांसाठी चालणाऱ्या ‘रॅगेड स्कूल’मधला हा पोरगा. प्रदर्शनाला लोटणाऱ्या गर्दीचे बूट साफ करण्यासाठी याच वर्षी अशा मुलांचं एक पथक उभं राहिलंय. तो गुडघे टेकून बसतो. राठ ब्रशने आधी चिखल झाडतो, शिवणींतला, टाचेच्या खोबणीतला. घाईत असलात तरी पाय हलवू नका. चिखलावर पॉलिश चढत नाही, हे त्याला तुमच्याहून चांगलं कळतं.

आता दुसरा ब्रश, काळ्यात बुडवलेला. आंबट, गोडसर, किंचित जळका वास नाकात शिरेल. मेणाच्या पॉलिशची चपटी डबी अजून जन्माला यायची आहे. या काळ्यात जाळलेल्या हाडांची पूड आहे, काकवी आहे, व्हिनेगर आहे, थोडं तेल आणि गंधकाम्ल आहे. म्हणजे तुमच्या बुटांवर एका अर्थी स्वयंपाकच चालू आहे! हे मिश्रण दगडी बाटल्यांत भरून विकतात. डे अँड मार्टिन हे त्यातलं मोठं नाव. दुसरं वॉरेनचं. थेम्सकाठच्या उंदरांनी भरलेल्या पडक्या घरातल्या वॉरेनच्या कारखान्यात बारा वर्षांचा एक मुलगा काळ्याच्या डब्यांवर लेबलं चिकटवत बसायचा. आज तो लंडनचा लाडका कादंबरीकार आहे, चार्ल्स डिकन्स. पण ही गोष्ट त्याच्या वाचकांना त्याच्या मृत्यूनंतरच कळणार आहे. तुम्हाला ठाऊक आहे. कुठे बोलू नका.

काळं लावलं की बूट उलट मळकट दिसतो. इथे अननुभवी माणसाचा धीर सुटतो. पोराचा सुटत नाही. काळं पुरतं वाळायच्या आत, थोडी ओल असतानाच तो तिसरा, मऊ ब्रश चालवतो. दाब कमी, वेग भरपूर. खांद्यापासून हात सपसप फिरतो, चामड्यातून तुमच्या बोटांना ऊब लागते. कपाळावरचा घाम तो बाहीने पुसतो. काळ्याच्या नादात गालालाही काळं लागतं. आधी टाच उजळते, मग बाजू, मग चवडा. बघा वाकून. समोरच्या घराची खिडकी तुमच्या बुटात दिसतेय.

एक पेनी झाली. तांब्याचं ते जाड नाणं संध्याकाळी संस्थेच्या हिशेबात जाईल. दिवसाच्या कमाईतले पहिले सहा पेन्स पोराचे. उरलेल्याचे तीन वाटे: एक पुन्हा त्याचा, एक संस्थेचा, एक त्याच्या नावाने बचतीत. दया दाखवून चार नाणी फेकणारे लंडनमध्ये पुष्कळ आहेत. पोराच्या हाताला काम आणि नावावर शिल्लक देणारी ही व्यवस्था मला त्याहून कितीतरी मोलाची वाटते.

जा आता महालात. काचेखाली ऊन कोंडलंय, लोकरी कपड्यांत माणसं उकडताहेत, कुठे यंत्रं धडधडताहेत, कुठे ऑर्गन घुमतोय. सर्वांत घट्ट गर्दी सोनेरी पिंजऱ्याभोवती आहे. आत कोहिनूर. दोन वर्षांपूर्वी लाहोरच्या दुलीपसिंगाकडून तो काढून घेतला, तेव्हा तो राजा दहा वर्षांचा होता. कोपर मारत पुढे सरका, बघा. लोक नाराज होऊन परतताहेत, हिरा म्हणावा तसा चमकतच नाही. गॅसचे दिवे लावले, आरसे लावले, तरी समाधान नाही. पुढल्या वर्षी चमक यावी म्हणून त्याला नव्याने पैलू पाडतील आणि त्याचं वजन जवळजवळ निम्मं होईल. मग खाली तुमच्या बुटांकडे बघा. माझं मत विचाराल तर इथे चमक त्यांनाच जास्त आहे.

बाहेर पडलात की पन्नास पावलांत बूट पुन्हा माखतील. कोपऱ्यावर दुसरा लाल डगला दिसेलच. बसू द्या त्याला निवांत, आणि त्याच्या पेनीत घासाघीस करू नका.